सिस्टरची गोळी

"दिवाळी अंकात जुलाबावर लिहिणार? अहो आई, लोक चकली खात खात अंक वाचतात!" माझ्या सुनेनं कपाळाला हात लावला. तिचं खोटं नाही. ज्यांच्या हातात चकली आहे त्यांनी ती आधी संपवावी, हात धुवावेत (साबणानंच धुवावेत, का ते पुढं येईल) आणि मग वाचावं. पण मला दुसरं काही लिहायला जमेना, हे खरं. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या गमती लिहायला दोनदा बसले. दोन्ही वेळा पान-दीड पान झालं की उठले आणि घासून पालथी घातलेली भांडी परत घासली.

मी कांबळे सिस्टर. माहेर कागलकडचं, सासर कोल्हापुरातच. एका खाजगी दवाखान्यात एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बारा मेडिकल वॉर्डची इन्चार्ज म्हणून. रिटायर झाले तरी पाय काही रिटायर झाले नाहीत. घरात कुणी नुसतं 'पोट बिघडलंय' म्हटलं की मी ताडकन उठते आणि विचारते, "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत गोळ्या कुठल्या घेतल्या?" पाहुण्यांनाही विचारते. शेजारच्या वहिनींनी तर माझ्यासमोर पोटाचं बोलायचंच सोडलंय. चिडतात त्या. चिडू देत.

नर्सचं काम म्हणजे सुया टोचणं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम मोजायचं आणि लिहायचं. ताप किती, नाडी किती, लघवी किती. संडासला किती वेळा गेला, पातळ की घट्ट, रंग कसा, रक्त पडलं का, शेंब पडली का. नाक मुरडून चालत नाही. डॉक्टर दिवसातून दोनदा येणार, दहा मिनिटं उभे राहणार. मधल्या वेळात काय घडलं ते त्यांना आमचा चार्ट सांगतो. म्हणून शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी मी एकच वाक्य घोकायला लावायची: चार्टवर नाही ते घडलंच नाही, आणि घडलं ते चार्टवर पाहिजेच. कुणी विसरली तर अख्ख्या वॉर्डासमोर तिची हजेरी घ्यायची. माझ्या तोंडाचा पट्टा कोल्हापूरला शोभेल असाच होता.

माझी दुसरी ख्याती पिशवीची. नवा पेशंट आला की नातेवाइकाला उलट पावली घरी पिटाळायची. "घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीत घालून आणा. देवघरातल्या, फ्रीजवरच्या, म्हातारीच्या चंचीतल्या, झाडून सगळ्या!" आणली की कॉटवर ओतायची. काय काय निघायचं त्यातून! आपल्याकडं लोकांना चहा कडक लागतो, तंबाखू कडक लागते, तसा डोसही कडकच लागतो. कागलच्या एमआयडीसीतला एक सुपरवायझर साधी सर्दी झाली तरी औषधाच्या दुकानात जाऊन सांगायचा, "पावणं, उद्या शिफ्ट हाय, कडकातली कडक द्या." तीन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या ठेवून द्यायचा. पन्हाळ्याचे एक रिटायर गुरुजी तर अशा उरलेल्या पट्ट्या कंपासपेटीत ठेवत, वर चिठ्ठ्या चिकटवून. सर्दी, दाढ, पोट. आणि चौथी चिठ्ठी, 'पाहुण्यांसाठी'. मी म्हटलं, "गुरुजी, हे काय?" तर म्हणाले, "आल्यागेल्याला काहीतरी द्यायला नको का?" सगळा वॉर्ड हसला होता त्या दिवशी.

आता पारूआक्का. चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवरची, पासष्टीची, भाताची खाचरं, काजूची बाग आणि दोन म्हशी सांभाळणारी. मी रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी ती पहिल्यांदा आली ती पाय घेऊन. काजूच्या झाडाखाली काटा मोडला, त्यावर चुना लावून बसली, आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजून लालभडक झाला. मुलगा मारुती आणि सून घेऊन आले. मी पेल्यात पाणी ओतून दिलं तर म्हणाली, "तू कुणाची गं?"

"कांबळे. कागलकडची."

"व्हय व्हय," म्हणाली आणि पेला बाजूला ठेवला. थोड्या वेळानं सुनेनं दुसरा भरून दिला तो प्याली. मला ह्यात नवीन काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी पायातला पू काढताना मात्र तिनं माझं मनगट असं धरलं की नखांचे वण उठले, आणि चौथ्या दिवसापासून मी तिची तंगी झाले. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. सीमेकडचे लोक सर्रास म्हणतात. मग पाणीही माझ्याच हातचं लागायला लागलं. आठ दिवस अँटिबायोटिकची जोरदार इंजेक्शनं झाली, पाय उतरला, आणि पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन बाई चालत घरी गेली.

दहा-बारा दिवसांत परत आली ती स्ट्रेचरवरून. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, अंगात ताप. मारुती म्हणाला, "सिस्टर, चार दिस झालं नुसतं पाणी पाणी. आन रस्सा-बिस्सा काय न्हाय हं खाल्लेला, नुसती पेज!" कोल्हापूर जिल्ह्यात पोट बिघडलं की पहिला संशय तांबड्या रश्श्यावर जातो, म्हणून माणूस आधी रश्श्याला निर्दोष ठरवून मोकळा होतो. मी पिशवी ओतली. आम्ही दिलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी निघाली, एक गोळी न चुकवता खाल्लेली. आणि अर्धी कापलेली आणखी एक पट्टी. जुलाब लागले म्हणून बेळगावच्या मेव्हण्यानं स्वतःकडची दिलेली. तीही अँटिबायोटिकच.

आमच्या पाटणकर मॅडम तेव्हा दवाखान्यात नव्या होत्या. पस्तिशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी दोन्ही पट्ट्या बघितल्या, पोट तपासलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, सी डिफची शंका आहे. सँपल पाठवा, रिपोर्ट उद्या सकाळी येईल. सलाईन चालू ठेवा, ही अर्धी पट्टी बंद. आणि जुलाब बंद करायचं काहीही द्यायचं नाही. काहीही."

"हो मॅडम," मी म्हटलं.

ही भानगड काय असते ते मॅडमनी मारुतीला सांगितलं तसंच सांगते, कारण त्याहून सोपं मला येत नाही. "रानात तणनाशक मारलं आणि तणाबरोबर चांगलंही जळालं, तर मोकळ्या रानात काय माजतं?" मारुती म्हणाला, "हरळी." तसंच आतड्याचं. आत कोट्यवधी जंतू राहतात, बहुतेक आपल्या कामाचे. अँटिबायोटिकनं रोगाच्या जंतूंबरोबर हेही मरतात, आणि सी डिफ नावाचा एक चिवट जंतू मोकळ्या जागेत माजतो. तो विष सोडतो, त्यानं मोठं आतडं आतून सुजतं, सोलवटतं, आणि जुलाब सुरू होतात. गोळ्या चालू असताना होतात, संपल्यावर काही आठवड्यांनीही होतात. माणसाला वाटतं, मेलं ते पाय दुखणं आणि हे पोट ह्यांचा काय संबंध? म्हणून तो घरातली आणखी एक गोळी घेतो. आणि जुलाब बंद करायची गोळी घेतली तर विषासकट सगळं आतच कोंडतं. मग आतडं फुगत जातं, फुटायचीही भीती असते.

हे सगळं मला माहीत होतं. मारुतीच्या शेजारीच उभी राहून मी ऐकलंही होतं.

दुपारी दोनपर्यंत आक्का अकरा वेळा गेली. बाराव्या वेळी भांडं ठेवेपर्यंत दम निघाला नाही. कॉट भरली, लुगडं भरलं, आणि पलीकडच्या कॉटवरच्या बाईला भेटायला आलेले तीन पुरुष तिथं उभे. पडदा ओढेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. घरात जिच्या शब्दाबाहेर पान हलत नाही अशी बाई सुनेसमोर तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. "तंगे, ह्यापरास मेल्याली बरी गं. थांबीव की कायतरी करून. तुज्या पाया पडतो."

चंदगडकडच्या बायका बोलता बोलता 'पडतो', 'करतो' म्हणून जातात. तिनं खरोखर पायाकडं हात नेला आणि मी तो धरला.

माझ्या ॲप्रनच्या खिशात जुलाब बंद करायच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. बऱ्याच जुन्या सिस्टरांच्या खिशात काही ना काही असतं; आमची ती खोडच. मनात म्हटलं, मॅडम काल आलेल्या. पुस्तकातलं बोलतात. तीस वर्षं मी हेच बघतेय, दोन गोळ्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? दोन दिल्या. चार वाजता आणखी दोन दिल्या. चार्टवर लिहिल्या नाहीत. लिहिलं तर मॅडमना काय सांगणार होते?

सहाला ड्युटी संपेपर्यंत आक्का एकदाही गेली नाही. चेहऱ्यावर जरा तेज आलं. माझ्यावरून हात ओवाळून तिनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "बघू बघू, कसली गोळी ती?" मी रिकामी पट्टी हातात दिली. लिहिता-वाचता येत नसलं तरी तिनं उलटीपालटी करून नीट बघितली आणि चंचीत घातली. मी घरी गेले, भाकरी थापल्या, आणि लेकाला म्हटलं, "आज एका म्हातारीचे आशीर्वाद मिळाले बघ."

सकाळी आले तर पडद्याआडून कण्हण्याचा आवाज. पोट टम्म. बोटानं वाजवलं तर नगाऱ्यासारखं वाजेल असं. ताप चढलेला, नाडी पळतेय. मॅडम चार्ट बघत होत्या. दुपारी दोननंतर जुलाब: शून्य. त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आपोआप थांबले?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "चार्टवर आहे तेच, मॅडम."

एक्स-रे झाला. सर्जनना फोन गेला. मी बेडपॅन धुवायच्या खोलीत गेले, स्वच्छ बेडपॅन पुन्हा धुतलं, बाहेर आले, औषधांची ट्रॉली लावली, ती मोडून परत लावली. पाय एका जागी ठरेनात. टेबलाशी सर्जन आणि मॅडम बोलत होते ते कानावर पडत होतं. आतडं स्वतःहून निपचित पडलंय असं धरलं तर वाट बघण्यात अर्थ नाही, ऑपरेशन करून मोठं आतडं काढावं लागेल. ह्या वयात आणि ह्या तब्येतीत टेबलावरच काहीही होऊ शकतं. मारुती भिंतीला टेकून उभा होता. मला बघून म्हणाला, "सिस्टर, काल सांजंला बरी हुती की वो. असं कसं झालं?"

पंधरा मिनिटं गेली असतील. ती पंधरा मिनिटं मी कुणाला परत देऊ शकणार नाही आणि स्वतःलाही माफ करू शकणार नाही. मग टेबलाशी गेले आणि म्हणाले, "मॅडम, काल मी गोळ्या दिल्यात. बंद करायच्या. चार."

मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी पेन माझ्याकडं सरकवलं आणि त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "चार्टवर लिहा. वेळेसकट." वॉर्डातल्या माझ्या दोन शिकाऊ पोरी बघत होत्या. मी लिहिलं. आयुष्यात इतकं वाईट अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

सर्जन म्हणाले, "म्हणजे गोळीचा भाग असू शकतो. उतरायला वेळ देऊ. पण पोट वाढत गेलं तर थांबणार नाही." तेवढ्यात रिपोर्ट आला. सी डिफच.

उपचाराचं ऐकून मारुती अंगावरच आला. ह्या आजारावरचं एक औषध बाटलीतल्या पावडरीचं येतं, एरवी पाण्यात कालवून शिरेतून द्यायचं. पण शिरेतून दिलं तर ते रक्तात फिरतं, आतड्याच्या आत पोचत नाही. तोंडानं दिलं तर रक्तात जात नाही, आतड्यातच राहतं, आणि इथं तेच पाहिजे. म्हणून आम्ही इंजेक्शनची बाटली फोडायची, सिरिंजनं पाणी घालायचं, आणि सुई काढून ती सिरिंज पेशंटच्या तोंडात रिकामी करायची. दिवसातून चार वेळा. मारुती ओरडला, "ओ सिस्टर, येड लागलं का काय? विंजेक्शन कोण पाजतंय व्हय?" मी त्याला समजावलं. दुसरं औषध शिरेतून चालू केलं. आक्कानं पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "कडू जहर हाय गं." मी म्हटलं, "प्या आक्का, प्या."

तिला वेगळ्या खोलीत हलवलं. कोरोनापासून आमच्याकडं प्रत्येक कॉटला सॅनिटायझरची बाटली टांगलेली असायची, आणि त्याचा मला कोण अभिमान! पण हा जंतू कवच घालून बी होऊन पडून राहतो, आणि सॅनिटायझरनं ते बी मरत नाही. साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली हात धुतले तरच निघून जातं. फरशी, कॉट, दाराची कडी ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायची. आत जाताना हातमोजे आणि गाऊन, बाहेर येताना ते काढून साबणानं हात. खोलीतच बेसिन होतं. मी आक्काला कुशीवर वळवायचे, पुसायचे, आणि लगेच तिच्यासमोर कोपरापर्यंत हात चोळून धुवायचे. ती बघत राहायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हात लावला की धुतीस. मी काय बाटलीया व्हय गं?"

माझ्या आजीला हाच प्रश्न जन्मभर विचारायचा होता आणि विचारायची सोय नव्हती. नळ चालू ठेवून मी तिथंच उभी राहिले. मग म्हटलं, "न्हाय आक्का. रोग बाटवणारा हाय, माणूस न्हाय. बरं वाटलं की न धुता जवळ बसतो तुमच्या." पहिल्या दिवशीचा पेला तिला आठवला की नाही, मला माहीत नाही. मला आठवला.

आणि पोट मोजायचं. बेंबीच्या दोन्ही बाजूंना पेनानं खुणा केल्या होत्या, त्यावरून शिंप्याची टेप फिरवायची. चार-चार तासांनी मोजा असं लिहिलं होतं. मी तासाला मोजायची. टेप हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालायची. मॅडम एकदा म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही मोजल्यानं ते कमी होणार नाही." पण थांबता येईना. पहिल्या दिवशी अर्धा इंच वाढलं आणि सर्जननी मारुतीची सही घेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी होतं तेवढंच राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी टेपवर माप कमी आलं. मला खोटं वाटलं, म्हणून शिकाऊ पोरीकडून परत मोजून घेतलं. संध्याकाळी आक्का म्हणाली, "तंगे, भांडं आण." पातळ झाली, घाण वासाची, आणि मी कॉरिडॉरमध्ये पळत जाऊन ओरडले, "झाली! झाली!" एखाद्याला जुलाब झाला म्हणून नाचणारा वॉर्ड कुणी बघितला नसेल. आतडं चालू झालं होतं. ऑपरेशन टळलं.

दहा दिवसांनी ती घरी निघाली. त्या सकाळी मॅडमनी मला बोलावलं. "त्या गोळ्यांचं पेशंटला सांगायला हवं. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगते," मी म्हटलं.

गेले तर आक्का लुगड्याची घडी मोडून बसली होती. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तू हुतीस म्हणून वाचलो बघ." मारुतीनं वाकून नमस्कार केला. सुनेनं काजूची पुडी दिली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "औषध वेळेवर घ्या. परत पातळ झालं तर लगेच या, हा आजार उलटतो. अँटिबायोटिक घ्यायची वेळ आली तर डॉक्टरला हे दुखणं आधी सांगा." हे सगळं खरं आणि गरजेचं होतं. जे सांगायला गेले होते ते राहिलं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी मान हलवली. त्यांनी ती 'सांगितलं' अशी घेतली.

पुढच्या वर्षी मी रिटायर झाले. आक्काचा फोन यायचा, "तंगे, कवा येतीस?" गेल्या दिवाळीनंतर एकदाची एसटीत बसले. चंदगडला मारुती मोटरसायकल घेऊन आला होता. आक्का ओट्यावर उभी, ठणठणीत. चहा झाला, पोहे झाले, बाग बघून झाली. परत येऊन टेकतो न टेकतो तोच शेजारची गंगूबाई पोटाला हात लावून दारात आली. "आक्का, तीन दिस झालं गं, थांबंना झालंय. ती सिस्टरची गोळी दे की."

आक्का ऐटीत म्हणाली, "आगं, ही काय सिस्टर! हिचीच गोळी!" आणि आत जाऊन एक स्टीलचा डबा घेऊन आली. मी उठून उभी राहिले. डब्यात आठ-दहा पट्ट्या. माझ्या खिशातली होती तीच गोळी. ती रिकामी पट्टी मारुतीकडं देऊन तिनं तालुक्याहून आणवल्या होत्या, आणि दोन वर्षं वाडीत ज्याचं पोट बिघडेल त्याला देत होती. पुण्याचं काम म्हणून.

"गंगूबाई," मी म्हटलं, "गेल्या महिन्यात गोळ्या कुठल्या घेतल्या?"

"दाढ काढलती न्हवं का. त्येच्या घेतल्या की, आठ दिस. कडक हुत्या."

"ताप हाय?"

"हाय कणकण."

मी आक्काच्या हातातला डबा काढून घेतला. ह्या वेळी पंधरा मिनिटं नव्हती. "मारुती, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. गोळ्यांचं डॉक्टरला सांग. आणि आक्का, त्या दिवशी पोट फुगलं ते ह्या गोळीनं. मॅडमनी देऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी दिली. लपवली. तुम्हाला सांगते म्हणून मॅडमना शब्द दिला आणि तोही पाळला नाही."

मारुती माझ्याकडं बघतच राहिला. मग गंगूबाईला मागं बसवून गेला. आक्का ओट्याच्या कडेला बसली.

"म्हंजे माज्या पोटाचा नगारा तू केलतीस व्हय?"

"व्हय."

"आन मी बोटं मोडली तुज्यावरनं."

मला रडू आवरेना. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "गोळी दिलीस त्येचा राग न्हाय. माजी लाज बघवंना म्हणून दिलीस. पर दोन वरसं मला लोकांस्नी वाटाय लावलीस की गं! त्येचा हाय." आणि उठली, चप्पल घातली. "चल. घरोघर जाऊया. तू सांगायचं. मी नुसती हुबी ऱ्हाणार."

सहा घरं फिरलो. ती पुढं, मी मागं, डबा माझ्या हातात. प्रत्येक दारात मी तेच सांगितलं: ही गोळी मी दिली होती, चुकीची होती, अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले तर ही घ्यायची नाही, डॉक्टरकडं जायचं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "आमाला तर गुण आला की वो." एका म्हातारीनं उरलेल्या दोन गोळ्या मुकाट्यानं डब्यात टाकल्या. तेवढ्यात मारुतीचा फोन आला, गंगूबाईला भरती करून घेतलंय, शुद्धीवर आहे, सलाईन लावलंय.

सातव्या घराला कुलूप होतं. आक्का जोत्यावर चढली आणि थबकली. शेजारचा माणूस म्हशीला पाणी दाखवत होता. मी विचारलं, "इथले कुठं गेले?"

"म्हातारा शिवामा व्हय? पावसाळ्यात गेला की. पोरं बेळगावला ऱ्हात्यात आता."

"काय झालं होतं?"

"वय झालतं. छातीत कफ, सुया टोचल्या, त्यो बरा झाला. मागनं पोट बिघडलं. चार दिसात गेला."

मी आक्काकडं बघितलं. "त्याला दिलती?"

ती कुलपाकडं बघत होती. "आठवंना," म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. "लई जणांस्नी दिली गं."

डबा घेऊन मी एसटीनं परत आले. पोट बिघडल्यावर शिवामानं गोळ्या कुठल्या घेतल्या होत्या, हे विचारायला तिथं कुणी उरलं नव्हतं.